चौसष्टावं पान

(लखनऊ, विकास नगर. मंगळवार, दुपारचे सव्वातीन. जेवणाच्या टेबलावर दोन लॅपटॉप आणि बाळाची मऊ भाताची वाटी.)

कांचन : त्रेसष्ट.

इंद्रजित : हाँ. मग?

कांचन : मग काय? जुन्या डॉक्स साइटवर चौसष्ट पानं होती. तुझ्या नव्या साइटवर त्रेसष्ट आहेत. मी तीनदा मोजली.

इंद्रजित : यार कांचन, पानं कोण मोजतं?

लता : ती मोजते. झोपलेल्या बाळाचे श्वास मोजते, तू पानांचं काय घेऊन बसलास! चहा ठेवू का रे?

इंद्रजित : ठेवा काकू. आधा कप.

कांचन : अर्धाच का? लवकर निघायचंय?

इंद्रजित : गरमी आहे म्हणून! आता चहावर पण शक? ऐक. ती साइट माझी नाही, संस्थेची आहे. संस्थेचे सात प्रोजेक्ट, सातांची डॉक्स, म्हणजे वापरायची माहिती, सात जागी, सात तऱ्हेची. आता सगळ्यांना एकच फ्रेमवर्क. एकच रूप, एकाच ठिकाणी शोधायचं. आपला प्रोजेक्ट शेवटचा राहिलाय. जुन्या साइटचा पासवर्ड फक्त तुझ्याकडे आहे. तो टाक, पाच वाजता जुनी बंद, नवी चालू. त्याचसाठी मी सरोजिनी नगरहून इतक्या उन्हात आलोय.

कांचन : कुठलं पान गेलं ते सांग, मग पासवर्ड.

इंद्रजित : मला खरंच माहीत नाही.

कांचन : मला माहीत आहे. तू सांगतोस का ते बघत होते.

इंद्रजित : कमाल आहे. कुठलं?

कांचन : ‘वीज जाऊन आल्यावर’.

इंद्रजित : ...अच्छा.

कांचन : अच्छा काय? डबा भिंतीला कसा लावायचा, ते आलं. वायफाय कसं जोडायचं, ते आलं. तुझा गॉगलवाला फोटो असलेलं ‘आमच्याविषयी’ आलं. आणि नेमकं तेवढं एकच पान वाटेत उतरलं?

लता : होतं काय त्या पानावर? मला कळेल असं सांगा. आल्यापासून भांडताय, मी आपली मधे भात भरवतेय.

कांचन : आई, लसी ठेवायच्या फ्रीजला आमचा एक डबा लावतात. आतलं तापमान तो दर पाच मिनिटांनी टिपतो. दोन ते आठ डिग्रीत असलं की हिरवा दिवा. वर गेलं की लाल, आणि सिस्टरच्या फोनवर मेसेज.

लता : बरं आहे की मग.

कांचन : पण डबा भिंतीतल्या विजेवर चालतो. लाइट गेली की तोही झोपतो. तीन तासांनी लाइट आली, फ्रीज परत गार झाला, की हा हिरवा.

लता : आणि मधल्या तीन तासांत लस तापली असेल तर?

कांचन : ते त्याला माहीतच नसतं. हिरवा दिवा फक्त आत्ताचा. मधल्या वेळाचा नाही. तेच त्या पानावर लिहिलं होतं.

लता : म्हणजे राखणीला बसवला तर हाच आधी घोरणार. कुणी केला असला?

इंद्रजित : मी केला, काकू.

लता : असू दे. साखर किती घालू?

इंद्रजित : एक. आणि कांचन, बॅटरीवाला डबा मी दोनदा मागितला होता. वरून मंजुरी आली नाही. तुला माहीत आहे.

कांचन : मला हेही माहीत आहे की शुक्रवारी देणगीदार संस्थेची माणसं येणार आहेत. नवी डॉक्स साइट बघायला. आपल्या डब्याचा दोष जिथे सरळ लिहिलाय ते पान त्याच्या तीन दिवस आधी दिसेनासं होतं. योगायोग म्हणू?

इंद्रजित : म्हणजे मी लपवलं?

कांचन : मी विचारतेय.

इंद्रजित : तू विचारत नाहीयेस. तू ठरवून बसलीयस. फक्त माझ्या तोंडून ऐकायचंय तुला.

लता : हळू बोला. आत्ता कुठे डोळा लागतोय त्याचा.

इंद्रजित : सॉरी काकू. पण बोलू दे आज. कांचन, तू सुट्टीवर होतीस तेव्हा त्या साइटवर एक कॉमा बदलता येत नव्हता कोणाला. तूच बांधलीस, तुझ्याच पद्धतीनं, चावी तुझ्याकडे, आणि पद्धत तुझ्या डोक्यात. दोन वेळा बंद पडली. एकदा अख्खा दिवस. मी फोन केला नाही तुला.

कांचन : का नाही केलास?

इंद्रजित : ऑपरेशन झालं होतं ना तुझं! दस दिन का बच्चा. काय विचारू, की साइट का बंद पडली?

कांचन : म्हणून हे फ्रेमवर्क. मला फोन करावा लागू नये म्हणून.

इंद्रजित : हो! त्यात वाईट काय?

कांचन : मी नसले तरी चालावं म्हणून.

इंद्रजित : तू नसलीस तरी चालावं, हे खरं आहे. तू नसावीस, हे मी नाही बोललो.

कांचन : मराठीत फार बारीक फरक करायला लागलास.

लता : त्याचं मराठी लष्करी छावणीतलं आहे, रांगेत उभं राहून बोलतो. पण बोलतोय ते सरळ आहे, कांचन. आणि तू त्याला पूर्ण सांगितलंस का, की पान बघायला तू गेलीसच कशाला?

कांचन : त्याचा काय संबंध?

लता : मी सांगते. उद्या राजसला नऊ महिन्यांची सुई आहे, गोवराची. दोनदा पुढे ढकललीय हिनं. एकदा नाक वाहतंय म्हणून, एकदा सिस्टर नवीन दिसतेय म्हणून. राजसचा बाबा, धनंजय, काल वैतागून म्हणाला, रेल्वेत आम्ही पूल पास करतो एवढ्या वेळात.

कांचन : आई, मागच्या गल्लीतल्या दवाखान्याच्या फ्रीजवर आपलाच डबा आहे. मला फक्त उद्यासाठी एकदा वाचून घ्यायचं होतं. नवीन साइटवर शोधलं. नाही सापडलं. मग मोजली.

इंद्रजित : हे आधी बोलायचं ना. मी काढलं नाही ते पान, कसम से. पानं मी हातानं नाही आणली. एक प्रोग्रॅम चालवला, त्यानं जुन्या साइटवरून उचलली आणि नवीनमध्ये ठेवली.

कांचन : त्या प्रोग्रॅमची नोंद असेल ना? कुठलं आणलं, कुठलं नाही?

इंद्रजित : असते. कारणासकट. थांब, काढतो.

कांचन : लॅपटॉप इकडे फिरव. तू वाचू नकोस, मी वाचते.

इंद्रजित : घे बाई. बघ.

कांचन : एवढी लांब... आणलेली त्रेसष्ट. वगळलेली... एक. ‘वीज जाऊन आल्यावर’. कारण...

लता : काय कारण?

कांचन : ड्राफ्ट.

लता : म्हणजे?

इंद्रजित : कच्चं, काकू. लिहिणाऱ्यानं पानाच्या डोक्यावर ‘ड्राफ्ट’ अशी खूण ठेवली असेल, तर हे फ्रेमवर्क ते पान लोकांना दाखवत नाही. सातही प्रोजेक्टना हाच नियम.

कांचन : पण जुन्या साइटवर ते पान दिसतंय! आत्ताही दिसतंय, हे बघ.

इंद्रजित : जुन्या साइटला ती खूण वाचताच येत नाही. शिकवलेलंच नाही तिला.

कांचन : कोणी शिकवलं नाही?

इंद्रजित : बांधली कोणी?

कांचन : ...ते सोड. खूण कोणी घातली? ती काय आपोआप उगवली? गेल्या महिन्यात तू सगळी पानं उघडून बसला होतास.

इंद्रजित : खाली बघ. प्रत्येक बदल लिहिलेला असतो. कोणी, कधी.

कांचन : हे बदलता येतं का नंतर?

इंद्रजित : नाही.

कांचन : तुला येत असेल.

इंद्रजित : कांचन. वाच.

कांचन : सव्वीस ऑगस्ट. सकाळी दहा पन्नास. ‘ड्राफ्ट’ खूण जोडली...

लता : सव्वीस ऑगस्टला तर तुला दवाखान्यात नेलं. धनंजय खाली गाडी घेऊन हॉर्न वाजवतोय, माझ्या हातात पिशवी, आणि तू लॅपटॉप मांडीवर घेऊन म्हणतेयस, दोन मिनिटं आई, दोन मिनिटं. मी मनात म्हटलं, ही आता कळांमध्येसुद्धा टाइप करणार. कोणी घातली मग खूण?

कांचन : मी.

लता : ती दोन मिनिटं होय?

कांचन : तीच.

इंद्रजित : चलो. मिल गया. खूण काढून टाकू, पान येईल, चौसष्ट पूर्ण. मी पण घाबरलो होतो, खरं सांगू तर. मला वाटलं, माझ्याकडूनच कुठे तरी...

कांचन : थांब. हात लावू नकोस.

इंद्रजित : आता काय झालं?

कांचन : मी ती खूण उगाच नाही घातली.

इंद्रजित : मतलब?

कांचन : पानावर एक आकडा आहे. वीज गेल्यावर दार उघडलं नाही, तर फ्रीज किती वेळ गार राहतो.

इंद्रजित : चार तास. पाठ आहे मला.

कांचन : तो मी फ्रीजच्या माहितीपत्रकातून घेतला होता. मग मला शंका आली, की हे चार तास त्यांनी कुठल्या खोलीत मोजले असतील? पंचवीस डिग्रीच्या? इथे जूनमध्ये पंखा बंद झाला की खोलीच चाळिशीच्या वर. गाडीत बसायच्या आधी आठवलं, म्हणून खूण घातली. पान कोणाला दिसू नये म्हणून. म्हटलं, परत आल्यावर स्वतः मोजून बघू.

इंद्रजित : आणि परत आल्यावर?

कांचन : विसरले.

लता : तू विसरलीस?

कांचन : हो आई. मी.

इंद्रजित : म्हणजे ते पान साडेनऊ महिने...

कांचन : सगळ्यांना दिसत होतं. मी झाकलं असं मला वाटत होतं, आणि मीच बांधलेल्या साइटनं ते उघडं ठेवलं होतं.

लता : पण वाचलंय कुणी? एवढी सगळी पानं कोण उघडून वाचतं?

कांचन : बाकीची नसतील वाचत, हे वाचतात. साइटवर नाही. छापून घेतात, प्लास्टिकमध्ये घालतात आणि फ्रीजच्या दारावर चिकटवतात. मीच सांगितलं होतं तसं करायला. सगळ्या सिस्टरना. ट्रेनिंगमध्ये.

इंद्रजित : बत्तीस दवाखाने पाहिलेत मी ह्या वर्षी. बत्तिसांच्या दारावर आहे. लॅमिनेशन करून.

कांचन : तुला कधी विचित्र नाही वाटलं ते? चार तास?

इंद्रजित : वाटलं होतं. मे महिन्यात एका दवाखान्यात गेलो होतो, लाइट नव्हती. फ्रीजला हात लावला, बाहेरून इतका गरम. मनात आलं, ये चार घंटे कैसे निकालेगा.

कांचन : मग बोलला का नाहीस?

इंद्रजित : तुझं पान होतं ना. तू पानं तीनदा मोजणारी. मला वाटलं, तू घड्याळ घेऊन फ्रीजसमोर बसली असशील. तू लिहिलंय म्हणजे तपासूनच लिहिलं असणार.

लता : बाई गं.

कांचन : आई, माझा फोन द्या.

लता : कुणाला करतेस?

कांचन : मागच्या गल्लीत. हॅलो, शिवांगी सिस्टर? मैं कांचन, राजस की मम्मी... नहीं नहीं, कैंसल नहीं कर रही... हाँ, पता है दो बार किया. सिस्टर, एक बात बताइए, इस हफ़्ते आपके यहाँ लाइट कब गई थी?... परसों. कितनी देर?... सवा तीन घंटे. पक्का?... और वैक्सीन? वही रखी हैं... हाँ. हाँ, चार ही लिखा है दरवाज़े पर. वो मैंने लिखा है, सिस्टर... जी, मैंने. वो गलत हो सकता है... परसों से किसी को लगाई तो नहीं?... सिर्फ़ बुधवार को लगती हैं. अच्छा. अच्छा. तो सब शीशियाँ अलग कर दीजिए. फ्रीज में ही, पर अलग डिब्बे में, ऊपर लिख दीजिए ‘नहीं लगानी’. और अभी डॉक्टर साहब को फ़ोन... शीशी वाला चौकोर निशान? हल्का ही है? चलिए, ये तो अच्छा है. फिर भी पहले डॉक्टर साहब से पूछिए, वो जो कहें... और दरवाज़े वाला काग़ज़ फाड़ दीजिए... हाँ, पूरा. नहीं सिस्टर, आपकी कोई गलती नहीं है. आपने तो जो लिखा था वही किया.

इंद्रजित : काय म्हणाली?

कांचन : परवा सव्वातीन तास लाइट नव्हती. तिनं कागद वाचला, चारच्या आत आहे म्हणून सगळं तसंच ठेवलं. बाटलीवर एक चौकोन असतो, उष्णता लागली की काळा पडत जातो. तो अजून फिका आहे म्हणते. डॉक्टर बघतील.

लता : म्हणजे उद्याची सुई परत पुढे?

कांचन : डॉक्टर बाटल्या चालतील म्हणाले तर उद्याच. नाही तर नवीन मागवतील, तेव्हा. ह्या वेळी मी ढकलत नाहीये, आई.

लता : मी कुठं काय म्हटलं. पाणी पी आधी.

इंद्रजित : एक्केचाळीस दवाखाने आहेत एकूण. ग्रुपवर टाकू?

कांचन : ग्रुपवर नको. तिथे सकाळपासून फुलांचे फोटो पडतात, त्यात हे कोण बघणार? फोन करायचे. एकेकीला. इथला एक झाला. वीस तुझे, वीस माझे.

लता : मला द्या दहा. हिंदी येतं मला आता, इथल्या सब्जीवाल्याशी हुज्जत घालून घालून. काय सांगायचं? दरवाजेका कागज फाडो. एवढंच ना?

इंद्रजित : काकू, एवढंच सांगितलंत तर कुणीतरी चेष्टा करतंय असं वाटेल त्यांना.

लता : मग तू लिहून दे. मिरजेत बचत गटाची अध्यक्ष होते मी पाच वर्षं. फोन करता येतो मला.

कांचन : इंद्रजित, पासवर्ड घे. लिहून घेऊ नकोस, इकडे ये, मीच टाकते. हं. आता बंद कर जुनी साइट.

इंद्रजित : पाचला करायची आहे. सगळ्यांना तसं मेल गेलंय.

कांचन : पाचची वाट कशाला बघायची? ‘चार तास’ अजून तिथे दिसतंय. कुणीतरी आत्ता छापत असेल.

इंद्रजित : अर्ध्या तासापूर्वी तू मला ही बंद करू देत नव्हतीस.

कांचन : चिडव. हक्क आहे तुझा. पण बटण दाब.

इंद्रजित : दाबलं. गेली.

कांचन : सहा वर्षांची साइट.

इंद्रजित : ...हाँ.

कांचन : बघत बसू नकोस. नव्यावर ते पान परत लिहायचंय, आकड्याशिवाय. बोलते, तू सांग कुठे चुकतंय. ‘वीज गेली की घड्याळ बघून वेळ लिहून ठेवा. फ्रीजचं दार उघडू नका. तासाभरानं...’

इंद्रजित : ही पहिली ओळ नको.

कांचन : का? ह्यात काय आहे?

इंद्रजित : पहिली ओळ अशी पाहिजे. ‘वीज नसताना हा डबा काहीच टिपत नाही. वीज आल्यावरचा हिरवा दिवा मधल्या वेळेबद्दल काही सांगत नाही.’ सर्वात वर. मोठ्या अक्षरात.

कांचन : शुक्रवारची माणसं पहिली तीच ओळ वाचतील.

इंद्रजित : वाचू दे. दोनदा सांगून बॅटरी नाही मिळाली. तिसऱ्यांदा वाचून मिळाली तर बघू.

कांचन : तू हे खरंच मनापासून म्हणतोयस?

इंद्रजित : परत?

कांचन : बरं, बरं. लिहिलं. पुढे, ‘तासाभरानं आणि वीज आल्यावर दार एकेकदाच, चटकन उघडून आतला साधा थर्मामीटर बघा. पारा आठच्या वर असेल, किंवा बघायचं राहून गेलं असेल, तर सगळ्या बाटल्या वेगळ्या ठेवा आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणाला टोचू नका.’

लता : ‘बघायचं राहून गेलं असेल’, हे बरं घातलंस. माणसाचं राहतं.

इंद्रजित : आणि गार किती वेळ राहतो ते?

कांचन : ते नाही लिहायचं. ह्या आठवड्यात आपल्या ऑफिसातल्या लसीच्या फ्रीजचा प्लग काढू, दुपारी एकला, पंखा बंद करून. तू एक थर्मामीटर लावायचा, मी एक. दोन्हीचं जुळलं तरच लिहायचं.

इंद्रजित : माझा वेगळा, तुझा वेगळा?

कांचन : वेगळा. आणि एकमेकांचा बघायचा नाही.

इंद्रजित : मान्य.

लता : अरे, यादी द्या मला आधी. हा उठला की माझे फोन राहतील.

कांचन : देते आई. इंद्रजित, हिंदी भाषांतर पण लागेल खाली. ते तू कर, माझं हिंदी पुस्तकी होतं.

इंद्रजित : करतो. बाकी झालं ना? मग ड्राफ्टची खूण काढतो.

कांचन : काढ. पण आधी पूर्ण वाच. सावकाश.

इंद्रजित : आत्ताच ऐकलं की सगळं.

कांचन : ऐकलंस. आता वाच. आणि मी लिहिलंय म्हणून खरं धरू नकोस.